नाव कुणाचे, चेहरा कुणाचा? ग्रीक राजांची चांदीची नाणी वाचण्याची पद्धत

अलेक्झांडरच्या, म्हणजे आपल्या सिकंदराच्या चांदीच्या नाण्यावर सिंहाचे कातडे पांघरलेला एक बिनदाढीचा तरुण असतो. विक्रेते त्याला सर्रास ‘सिकंदराचे चित्र’ म्हणून विकतात. तो ग्रीक पुराणातला वीर हेराक्लिस आहे. मॅसेडोनियाचे राजघराणे स्वतःला हेराक्लिसचे वंशज म्हणवत असे, म्हणून तो तिथे आला. मागच्या बाजूला सिंहासनावर बसलेला देवांचा राजा झ्यूस, उजव्या हातावर गरुड, डाव्या हातात राजदंड आणि शेजारी उभ्या ओळीत ‘अलेक्झांड्रू’, म्हणजे ‘अलेक्झांडरचे’. याच नाण्याची छपाई त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ३२३ नंतरही चालू राहिली. काळ्या समुद्राच्या काठावरच्या मेसेम्ब्रियासारख्या शहरांनी तर ती इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत ओढली. नाव एकाचे, चेहरा दुसऱ्याचा आणि नाणे पाडणारा तिसराच.

या काळातले नाणे हाती आले की म्हणूनच तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत: नाव कुणाचे आहे, चेहरा कुणाचा आहे, पाडले कुणी? तिन्हींचे उत्तर एकच असेल असे धरून चालणे ही सर्वांत मोठी चूक, आणि ती होते कारण डोळा आधी चेहऱ्याकडे जातो. खाली दिलेल्या क्रमात चेहरा मुद्दाम बराच मागे ठेवला आहे.

लागणारे साहित्य

सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, मिलिमीटरचा व्हर्नियर कॅलिपर (जबडे प्लॅस्टिकचे असले तर उत्तम, पोलादी जबडे चांदीवर ओरखडे काढतात), दहापट मोठे दाखवणारे भिंग, आणि हवा तसा वळवता येणारा एक दिवा. खाली मऊ कापड पसरावे. नाणे नेहमी कडेने धरावे.

दिवा एकच हवा आणि तो बाजूने, टेबलाशी साधारण २० ते ३० अंशांचा कोन करून यायला हवा. वरून पडलेल्या प्रकाशात चांदी चमकते आणि उठाव सपाट दिसतो. दिवा नाण्याभोवती सावकाश फिरवला की एका बाजूने न दिसणारे अक्षर दुसऱ्या बाजूने उठून येते. संशोधक नाण्यांचे प्लास्टरमध्ये साचे घेऊन त्यांचे फोटो काढत आले ते याच कारणासाठी: पांढऱ्या प्लास्टरवर चकाकी नसते, फक्त उठाव राहतो.

पायरी १: वजन

वजन हा सर्वांत राजकीय आकडा आहे. कोणत्या वजनमानावर नाणे पाडायचे, यावरून ते कुठल्या बाजारात चालणार हे ठरते.

अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप चांदीची मोठी नाणी सुमारे १४.४ ग्रॅमची पाडत असे. मुलाने अथेन्सचे वजनमान घेतले: एक ड्राक्म सुमारे ४.३ ग्रॅम, चार ड्राक्मांचे टेट्राड्राक्म सुमारे १७.२ ग्रॅम. अथेन्सची घुबडछाप नाणी आधीच भूमध्य समुद्राच्या काठाने सगळीकडे चालत होती. ते माप घेतल्यावर नव्या नाण्याला बाजार शोधावा लागला नाही. सेल्युसिड (अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याचे सीरिया-इराणकडचे घराणे), थ्रेसचा लिसिमाकस (तोही त्याचाच सेनापती) आणि हिंदुकुशाच्या उत्तरेकडच्या बॅक्ट्रियाचे राजे याच मापावर राहिले.

इजिप्तमध्ये अलेक्झांडरचाच सेनापती टॉलेमी याने उलटे केले. त्याने टेट्राड्राक्मचे वजन टप्प्याटप्प्याने सुमारे १५.७ आणि नंतर सुमारे १४.२ ग्रॅमवर आणले आणि बाहेरचे नाणे देशात चालू दिले नाही. व्यापाऱ्याने बंदरावर १७ ग्रॅमचे नाणे द्यायचे आणि १४ ग्रॅमचे घ्यायचे. मधली चांदी राजाची.

हिंदुकुशाच्या दक्षिणेला आणखी वेगळे मोजमाप दिसते. इंडो-ग्रीक राजांचे ड्राक्म सुमारे २.४५ ग्रॅम आणि टेट्राड्राक्म सुमारे ९.८ ग्रॅम. त्यांच्यातल्या मिनँडरचे (बौद्ध ग्रंथांतला मिलिंद) म्हणून १७ ग्रॅमचे ग्रीक आणि खरोष्ठी अशा दोन लिप्यांतले नाणे कुणी दाखवले तर तिथेच थांबावे.

झिजेमुळे टेट्राड्राक्म अर्धा-पाऊण ग्रॅम हलके होऊ शकते. दीड-दोन ग्रॅमचा फरक मात्र झिजेने पडत नाही. तेव्हा आतून तांबे आणि वरून चांदीचा पत्रा असलेले जुने बनावट नाणे, ओतीव नक्कल, किंवा तुम्ही समजता त्याहून वेगळे वजनमान, यांतले काहीतरी आहे.

शंका आली तर घनता काढावी. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या नाण्याचे वजन त्याने भागा. समजा नाणे १७.१० ग्रॅमचे आहे आणि काटा १.६४ दाखवतो, तर घनता १०.४३. शुद्ध चांदीची घनता १०.४९ असते, म्हणजे हे ठीक. आकडा ९.२ च्या आसपास आला तर आत तांबे आहे. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा उत्तर बिघडवतो, म्हणून बुडवल्यावर दोरा हलकेच हलवावा. आणि ही कसरत २ ग्रॅमच्या नाण्यावर करू नये: तिथे काट्यातली ०.०१ ची चूकसुद्धा उत्तर ०.५ ने हलवते. ज्या नाण्याला भेगा आहेत, धातू आतून ठिसूळ झाला आहे, ते पाण्यात घालूच नये.

पायरी २: व्यास, जाडी, अक्ष आणि कड

अलेक्झांडरच्या हयातीतले टेट्राड्राक्म साधारण २५ ते २७ मिलिमीटरचे आणि चांगलेच जाड असते. इ.स.पू. दुसऱ्या शतकात तेवढ्याच वजनाची चकती ठोकून ३० ते ३५ मिलिमीटरपर्यंत पसरट केलेली दिसते. पसरट, पातळ आणि वर ‘अलेक्झांड्रू’ असे नाणे हातात आले तर ते कुणा शहराने दीड-दोनशे वर्षांनी पाडलेले आहे, हे लेख न वाचताही कळते.

अक्ष असा मोजावा: राजाचे डोके सरळ उभे ठेवून नाणे उभ्या अक्षाभोवती, पुस्तकाचे पान उलटावे तसे, फिरवा. मागच्या चित्राचे डोके घड्याळाच्या कुठल्या आकड्याकडे आहे ते लिहा. बॅक्ट्रियाच्या नाण्यांचा अक्ष बहुतेक १२ वर येतो, कारण तिथे दोन्ही ठसे जुळवून ठेवण्याची शिस्त होती. ती शिस्त नसलेल्या टांकसाळींत आकडा कुठलाही येतो.

याच वेळी कड पाहावी. खरे नाणे तापवलेल्या चकतीवर हातोड्याने ठोकलेले असते, त्यामुळे कडेला बारीक उभ्या भेगा फुटतात. कडेच्या मधोमध एकसारखी रेघ किंवा ती घासून काढल्याच्या कानशीच्या खुणा दिसल्या तर ते साच्यात ओतलेले आहे.

पायरी ३: लेख

राजाचे नाव बहुधा मागच्या बाजूला असते आणि ते षष्ठीत येते: ‘अमक्याचे’. मराठी वाचकाला हे सोपे जावे, कारण आपल्याकडच्या प्राकृत नाण्यांवरही ‘-स’ लागून हीच विभक्ती येते. आधी ‘बॅसिलेओस’, म्हणजे ‘राजाचे’, हा शब्द शोधावा. तो सापडला की उरलेल्या अक्षरांत नाव आणि बिरुद राहते.

ग्रीक अक्षरे इंग्रजीसारखी वाचू नयेत. इंग्रजी ‘पी’सारखे दिसते ते ‘र’ आहे, ‘एच’सारखे दिसते ते दीर्घ ‘ए’. ‘स’चे अक्षर जुन्या नाण्यांवर कोनांचे आणि उशिराच्या नाण्यांवर ‘सी’सारखे गोल असते. हा बदल काळ ठरवायला उपयोगी पडतो.

बिरुदे नेहमीच्या पाठातली: ‘सोटेरोस’ तारणहाराचे, ‘मेगालू’ महान, ‘दिकाइऊ’ न्यायी, ‘निकेफोरू’ विजय आणणारा, ‘थेऊ’ देव, ‘एपिफानूस’ प्रकट झालेला. साधारण नियम असा की सुरुवातीचे राजे नुसत्या नावावर भागवतात आणि पुढे बिरुदे वाढत जातात. पहिल्या अँटिओकसच्या नाण्यावर ‘राजा अँटिओकसचे’ एवढेच पुरते. चौथ्या अँटिओकसच्या (इ.स.पू. १७५–१६४) नाण्यांवर तो ‘प्रकट देव, विजय आणणारा’ झालेला असतो. गादीवर हक्क सांगणारे जितके जास्त, तितकी बिरुदे लांब, असे म्हणायला सेल्युसिडांच्या शेवटच्या शंभर वर्षांत भरपूर जागा आहे.

पायरी ४: मोनोग्राम, लहान चिन्हे आणि वर्ष

मागच्या बाजूला, सिंहासनाखाली किंवा मोकळ्या जागेत, दोन-तीन अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतात, हाच मोनोग्राम. शेजारी एखादे लहान चित्र: नांगर, जहाजाची नाळ (पुढचा भाग), तारा, मशाल. ही टांकसाळीची आणि तिथल्या अधिकाऱ्यांची खूण. ‘पाडले कुणी’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. ती मागच्या बाजूला का? पुढचा ठसा ऐरणीत बसवलेला असे, मागचा हातात धरून हातोड्याखाली यायचा. हातातला लवकर फुटे आणि वारंवार बदलला जाई, म्हणून बदलती माहिती त्याच्यावर कोरणे सोयीचे होते.

मोनोग्राम पाहिल्याबरोबर कागदावर काढून घ्यावा. नुसते वर्णन लिहिले की दोन दिवसांनी तेच वर्णन चार मोनोग्रामांना लागू पडते. मग अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या मोफत ऑनलाइन सूचींशी तो जुळवावा. अलेक्झांडरसाठी ‘पेला’ ही सूची आहे. सेल्युसिड, टॉलेमी आणि बॅक्ट्रिया–इंडो-ग्रीक राजांसाठी वेगवेगळ्या सूची आहेत.

सेल्युसिड नाण्यांवर कधीकधी वर्ष असते आणि तेही अक्षरांत, कारण ग्रीकांचे अंक म्हणजे त्यांची अक्षरेच. गॅमा ३, क्सी ६०, रो १००. क्रम कसाही असो, बेरीज करायची: १६३. सेल्युसिड संवताचे पहिले वर्ष इ.स.पू. ३१२/३११. तेव्हा ३१२ मधून १६२ वजा करा (एक कमी, कारण पहिले वर्ष शून्य नव्हते), उत्तर इ.स.पू. १५०/१४९. म्हणजे सेल्युसिड राजा अलेक्झांडर बालासचा काळ. थेट १६३ वजा करून एक वर्ष चुकणे फार सामान्य आहे.

काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावरच्या पाँटसचा राजा सहावा मिथ्रिडेटिस वेगळा संवत वापरतो, त्याचे पहिले वर्ष इ.स.पू. २९७/२९६. त्याच्या नाण्यावर २०९ हे वर्ष आले की ते इ.स.पू. ८९/८८ होते, रोमशी पहिले युद्ध पेटले तो काळ. सैन्याचा पगार चांदीत द्यायचा असतो. नाण्यांवरची वर्षे मोजत गेलो तर युद्धाची तयारी कधी सुरू झाली ते दिसते.

पायरी ५: डोक्यावर काय आहे

आता पुढची बाजू. पण अजूनही नाक-डोळे नकोत. आधी डोक्यावर आणि कपाळाभोवती काय आहे ते पाहा, राजकीय विधान तिथे असते.

*डायडेम.* कपाळाभोवती बांधलेली साधी कापडी पट्टी, मागे गाठ आणि दोन सुटी टोके. अलेक्झांडरनंतर हीच राजेपणाची खूण झाली. सोन्याच्या मुकुटापेक्षा हिची किंमत जास्त. भिंगाखाली गाठ आणि टोके तपासावीत: ती सरळ खाली लोंबतात की वाऱ्यावर उडतात, यावरून कोरणाऱ्याचा हात आणि टांकसाळ ओळखता येते. एखाद्या चेहऱ्यावर डायडेम नसणे तितकेच बोलके असते. बॅक्ट्रियाच्या युक्रेटिडिसने आईवडिलांची, हेलिओक्लिस आणि लाओडिकी यांची, चित्रे असलेले नाणे पाडले. त्यात डायडेम फक्त आईच्या डोक्यावर आहे, बाप बोडका. राजघराण्याशी नाते आईकडून आहे असे सांगायला यापेक्षा कमी जागा लागली नसती.

*शिंगे.* कानाजवळ वळलेले मेंढ्याचे शिंग म्हणजे झ्यूस-अमोन. इजिप्तच्या सिवा येथील अमोनच्या मंदिरात अलेक्झांडर जाऊन आला होता आणि तो त्या देवाचा पुत्र मानला गेला. हे शिंग केसांत लपलेले असते, घाईत पाहणाऱ्याला ते केसांची बटच वाटते. बैलाचे शिंग वेगळे: ते कपाळावर, आखूड आणि टोकदार. ते दिमित्रिअस पोलिओर्केटिसच्या (अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनस याचा मुलगा) आणि सेल्युकसच्या चित्रांत येते. दिमित्रिअसच्या नाण्याच्या मागे समुद्रदेव पोसायडन असतो, आणि बैल हा पोसायडनचा प्राणी. दिमित्रिअसने आणखी एक प्रसिद्ध नाणे पाडले: जहाजाच्या नाळेवर उभी राहून कर्णा फुंकणारी विजयदेवी. ते इ.स.पू. ३०६ मधल्या सायप्रसजवळच्या आरमारी विजयाची आठवण देते. ते पाडले तोवर त्याच्या बापाचे बरेचसे राज्य हातचे गेले होते, शिल्लक होते ते मुख्यतः आरमार. नाण्यावर जे उरले त्याचीच जाहिरात.

*हत्तीचे कातडे.* सोंड पुढे वर उठलेली, सुळे कानांजवळ. इ.स.पू. ३२० च्या सुमाराला टॉलेमीने अलेक्झांडरचे असे चित्र पाडले, हिंदुस्थानच्या मोहिमेचा विजय दाखवायला. तेव्हा टॉलेमी अजून राजा नव्हता, नुसता सुभेदार होता. अलेक्झांडरचे शव त्याने इजिप्तकडे वळवून नेले होते आणि आता चेहराही घेतला. शंभरएक वर्षांनी तेच शिरस्त्राण बॅक्ट्रियाच्या पहिल्या दिमित्रिअसच्या डोक्यावर येते, आणि यावेळी ते जिवंत राजाने घातलेले आहे. हिंदुकुश ओलांडणाऱ्या राजाला अलेक्झांडरच्या पंक्तीत बसायचे होते, हे समजायला लेख वाचावा लागत नाही.

*एजिस, किरणे, टोपी, शिरस्त्राण.* गळ्याभोवती खवले आणि साप असलेली ढालवजा शाल म्हणजे झ्यूस-अथीनाची एजिस. डोक्याभोवती किरणे असली तर सूर्यदेव हेलिओस. बॅक्ट्रियाचा पहिला अँटिमाकस साधी मॅसेडोनियन टोपी, ‘कौसिया’, घालतो आणि मागे स्वतःला देव म्हणवतो. युक्रेटिडिसच्या शिरस्त्राणावर बैलाचे शिंग आणि कान आहेत. ते शिंग शिरस्त्राणाचा भाग आहे, डोक्याचा नाही. नोंद करताना हा फरक ठेवावा.

दाढीही याच यादीत धरावी. अलेक्झांडरने गुळगुळीत दाढीची रीत पाडल्यावर बहुतेक राजे तसेच दिसतात. सेल्युसिड राजा दुसरा दिमित्रिअस इ.स.पू. १३८ मध्ये पार्थियनांच्या कैदेत पडला आणि १२९ मध्ये परतला. परतल्यानंतरच्या अँटिओक आणि दमास्कसच्या नाण्यांवर त्याला लांब दाढी आहे. एकाच राजाच्या दोन कारकिर्दी वेगळ्या करायला ही दाढी वर्षापेक्षा लवकर कामाला येते.

पायरी ६: चेहरा

इतके झाल्यावर चेहरा पाहावा, आणि तो फोटो समजू नये. कोरणाऱ्याने राजाला पाहिलेले असेलच असे नाही. टांकसाळीत एक नमुना यायचा आणि त्यावरून उलटा, खोलगट ठसा कोरला जायचा. ठसा बदलला की नाकही बदलते. म्हणून एका नाण्यावरून राजाचे रूप ठरवू नये. त्याच राजाचे निदान पाच-सहा वेगवेगळ्या ठशांचे फोटो शेजारी ठेवावेत आणि सगळ्यांत टिकून राहते तेवढेच त्याचे मानावे.

दोन प्रवृत्ती सहज वेगळ्या होतात. एक, देवासारखा सुंदर केलेला चेहरा: किंचित वर पाहणारे डोळे, कपाळावरून मागे उसळणारे केस, अर्धवट उघडे ओठ. मिथ्रिडेटिसने वय वाढल्यावरही हाच अलेक्झांडरी साज कायम ठेवला. दुसरी, वय आणि व्यंग न लपवणारा चेहरा. पहिला अँटिओकस खोल डोळ्यांचा, उतारवयाचा दिसतो. बॅक्ट्रियाचा युथिडेमस तर नाण्यागणिक म्हातारा होत जातो, शेवटी गाल लोंबलेले, मान जाड झालेली. असा चेहरा दाखवणारा राजा ‘मी इतकी वर्षे टिकलो’ असे सांगतो. कुरूपतेतही प्रचार असतो, हे या मालिकेने जितके पटते तितके कशाने पटत नाही.

राणीचे चित्र आले तर ती पुढे आहे की मागे हे पाहा. इ.स.पू. १५० च्या सुमाराला सहाव्या टॉलेमीची मुलगी क्लिओपात्रा थिआ आणि अलेक्झांडर बालास यांची जोडचित्रे पाडली गेली. त्यांत पुढचा चेहरा राणीचा आहे, राजा तिच्या मागे झाकलेला. इ.स.पू. १२६/१२५ मध्ये तिने काही काळ एकटीच्या नावाने आणि चेहऱ्यानेही टेट्राड्राक्म पाडले.

चेहरा झिजला आहे की मुळात नीट उमटला नाही, हेही इथेच ठरवायचे. झीज आधी गालावर आणि कानावरच्या केसांवर येते, मोकळी जागा तुलनेने ताजी राहते. ठोका कमी पडला असेल तर पुढचा जो भाग सपाट आहे, त्याच्या नेमका मागचाही सपाट असतो.

जिथे नाव आणि चेहरा जुळत नाहीत

सगळे टिपण समोर ठेवून आता तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. पुढची काही उदाहरणे जवळ असली की बरीचशी नाणी सुटतात.

लिसिमाकस, इ.स.पू. २९७ च्या सुमारापासून: नाव त्याचे, चेहरा मेंढ्याचे शिंग असलेल्या अलेक्झांडरचा. मागे बसलेल्या अथीनाच्या हातातली छोटी विजयदेवी लिसिमाकसच्या नावाला माळ घालते, हे जरूर पाहावे. तो इ.स.पू. २८१ मध्ये मारला गेला, नाणे त्याच्यामागे कितीतरी वर्षे चालले.

टॉलेमी: पहिल्याने स्वतःचा चेहरा घातला, गळ्यात एजिस, मागे वज्रावर उभा गरुड. पुढच्या टॉलेमींनी जवळजवळ अडीचशे वर्षे तोच चेहरा ठेवला. सगळ्यांची नावेही टॉलेमीच. त्यामुळे चेहरा आणि नाव दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि काम वर्ष, टांकसाळीची खूण आणि कोरणीची शैली यांवर चालवावे लागते. ‘टॉलेमी पहिला’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्यांत इथे सर्वांत जास्त गफलत होते.

पर्गमम (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातले राज्य): तिथल्या फिलेटायरोसने आपल्या नावाबरोबर सेल्युकसचा चेहरा ठेवला, मालकाचा मान. त्याच्या वारसाने सेल्युकस काढून फिलेटायरोसचा चेहरा आणला. स्वातंत्र्याची घोषणा झाली ती अशी.

बॅक्ट्रियात याच्या उलट घडले आणि ते जास्त धीट वाटते. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याला नाण्यावर ‘राजा अँटिओकसचे’ असा लेख आहे, पण चेहरा सुभेदार डिओडोटसचा आणि मागे सेल्युसिडांच्या नेहमीच्या अपोलोऐवजी वज्र फेकणारा झ्यूस. आधी चेहरा बदलला, नाव नंतर बदलले. पुढे अगाथोक्लिसने तर पूर्वजांची मालिकाच पाडली: पुढे अलेक्झांडर, डिओडोटस, युथिडेमस यांची चित्रे आणि नावे, मागे ‘अगाथोक्लिस राज्य करीत असता’. ज्याची गादी डळमळीत, त्याला वंशावळ लांब लागते. याच राजाच्या चौकोनी ड्राक्मांवर, जी १९७० मध्ये अफगाणिस्तानातल्या आय-खानूमला सहा सापडली, संकर्षण आणि वासुदेव आहेत आणि राजाचा चेहरा मुळीच नाही. ऐकणारा बदलला की चित्र बदलते.

मिनँडरकडे येईतो दोन्ही श्रोते एकाच नाण्यावर बसले. पुढे ग्रीकमध्ये ‘बॅसिलेओस सोटेरोस मेनांद्रू’, मागे अथीनाभोवती खरोष्ठीत, म्हणजे वायव्य हिंदुस्थानातल्या लिपीत, ‘महाराजस त्रातारस मेनंद्रस’. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचावी.

नाशिकपर्यंत

मिनँडर आणि दुसरा इंडो-ग्रीक राजा अपोलोडोटस यांची जुनी ड्राक्मे भडोचच्या बाजारात चालत असल्याचे इ.स.च्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत, पेरिप्लसमध्ये, नोंदलेले आहे. त्याच मुलखात क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रप नहपानाने सुमारे २ ग्रॅमची चांदीची नाणी पाडली. पुढे उजवीकडे पाहणारा राजा आणि भोवती ग्रीक अक्षरे, मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. ग्रीक अक्षरांत इथे भाषा मात्र प्राकृत आहे: ‘राजा क्षहरात नहपानाचे’. अक्षरे वाचताना एक खाच आहे. वर ‘एच’सारखे अक्षर म्हणजे दीर्घ ‘ए’ असे सांगितले, तेच इथे ‘ह’साठी वापरले आहे.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला अशा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे वरून मारलेले होते: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि ब्राह्मी लेख, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे). नाव गौतमीपुत्राचे, खाली दबलेला चेहरा नहपानाचा. आमच्या मते ही पद्धत शिकायला यापेक्षा चांगले नाणे नाही.

असे नाणे वाचताना आधी वरचा ठसा पूर्ण वाचून त्याची रेघ कागदावर काढावी. मग दिवा खाली आणून नाणे ३०-३० अंशांनी फिरवावे आणि वरच्या ठशाच्या कुठल्याच रेघेला न जुळणारा उठाव शोधावा. बहुधा नाक, हनुवटी किंवा कडेची दोन-तीन ग्रीक अक्षरे आधी सापडतात. एक अक्षर सापडले की चेहऱ्याची दिशा ठरते आणि बाकीचे ओळीने येते. नहपानाच्या न ठोकलेल्या नाण्यांवरही चेहरे एकसारखे नाहीत. तरुण, म्हातारे, वेगवेगळ्या नाकांचे आहेत, म्हणून एकाच तुकड्याशी तुलना करून ‘जुळत नाही’ म्हणू नये.

पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे निव्वळ नक्षी होतात आणि डोक्यामागे ब्राह्मी अंकांत शक वर्ष येते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन. खुद्द सातवाहनांनीही वासिष्ठीपुत्र पुळुमावीपासून राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणी काढली. शत्रूचे नाणे ठोकून झाल्यावर त्याची कल्पना ठेवून घेतली.

बनावट नाणी, साफसफाई आणि कायदा

दोन नाण्यांचा ठसा एकच असू शकतो, पण कडेची भेग आणि चकतीचा आकार एकच असू शकत नाही. फोटोतल्या दुसऱ्या नाण्याशी भेगही जुळली तर दोन्ही एका साच्यातली. ओतीव नाण्याचा पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत असतो, भिंगाखाली बारीक गोल खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. युक्रेटिडिस आणि मिनँडर यांच्या नकला विशेष पाहायला मिळतात. कडेला छिन्नीचा एखादा जुना घाव असेल तर घाबरू नये, आत चांदी आहे का हे त्या काळच्या सराफाने तपासलेले असते.

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर यांतले काहीही नाण्याला लावू नये. काळा थर गेला की बारीक केसांच्या रेघाही जातात आणि डायडेमची गाठ ओळखू येत नाही. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस भिजत ठेवून पाणी बदलत राहावे, एवढेच. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून हिरवट चिकट थर येतो, ती वापरू नयेत.

भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत साठा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, मर्यादा फक्त १० रुपये किमतीची. कळवताना भांडे, माती आणि सगळी नाणी एकत्र राहू द्यावीत, चांगली निवडून बाजूला काढू नयेत. जोगलटेंभीच्या दर तीन नाण्यांतली दोन ठोकलेली होती हे आज सांगता येते, कारण तो साठा विखुरण्याआधी मोजला गेला.